नऊ-चाळीसची शिट्टी

नेपरव्हिलचे मोरेश्वर खांबेटे आयुष्यात एकच खोटं बोलले, पण ते अख्ख्या इलिनॉयला ऐकू गेलं.

रिटायर झालेल्या इंजिनिअरला सकाळी काम काय? नऊला रेडिओ लावायचा, रँडी नावाचा निवेदक राज्याच्या कारभारावर तोंडसुख घेऊ लागला की फोन फिरवायचा आणि आपणही चार शब्द सुनवायचे. टोल, प्रॉपर्टी टॅक्स, बर्फावर टाकायचं मीठ, त्यांना कुठलाही विषय चालायचा. 'मोरेश्वर' म्हणताना रँडीची जीभ तीनदा ठेचकाळली, म्हणून ते 'माइक' झाले. इथवर ठीक होतं.

पण एकदा माइकचं टोलवर भाषण रंगात आलेलं असताना मागे शैलजाबाईंच्या कुकरने शिट्टी दिली. फोनमधून जाताना त्या शिट्टीचं काय झालं देव जाणे, रँडी थबकला. "माइक, तू रुळाला लागून राहतोस की काय?"

आता राज्याला वरण-भात समजावत कोण बसणार? मोरेश्वर म्हणाले, "येस."

झालं! शैलजाबाईंचा कुकर घड्याळावर चालायचा, त्यामुळे रोज नऊ-चाळीसला रँडी ओरडायचा, "आली बघा माइकची गाडी!" म्हणतात की दोन माणसं त्या गाडीसाठी स्टेशनवर तासभर कुडकुडत उभी होती आणि तिसऱ्याने तर तिचा पासच मागितला. वर्षभर 'बिचारा माइक' राज्यात गाजला, आणि मोरेश्वरांनी तो गाजू दिला.

मग दोन हजार सहाच्या ऑक्टोबरातला तो दिवस उजाडला. एकादशी होती. कुकर स्वच्छ घासून फळीवर पालथा घातलेला.

"मंडळी," रँडी म्हणाला, "आज राजधानीत, स्प्रिंगफील्डला, मतदान आहे. फाटकांवर गाड्यांनी शिट्टी वाजवायची नाही, असा कायदा येतोय. दोन्हीकडे मतं सारखी. ज्यांचं एक मत उरलंय ते सिनेटरसाहेब आपल्या लाइनवर आहेत."

"माझं ठरलंय," सिनेटर म्हणाले. "बिचाऱ्या माइकला झोप मिळाली पाहिजे. शिट्टी बंद!"

मोरेश्वरांनी चहा बाजूला ठेवला. मार्चमध्ये ते नातीला, अनयाला, शाळेतून आणायला गेले होते. ती फाटकाच्या पलीकडून येत होती. त्या दिवशी जे झालं ते दोघांनाच ठाऊक होतं. "आजोबा, डोन्ट टेल एनीवन. प्रॉमिस?" ती थरथरत म्हणाली होती, आणि त्यांनी ते घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. "माइक बोलतोय. शिट्टी बंद करू नका."

"काय?" रँडी म्हणाला. "अरे, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं!"

"मी रुळाजवळ राहतच नाही. दोन मैल लांब राहतो. ती शिट्टी आमच्या भांड्याची आहे. त्यात डाळ शिजते."

रँडी खो खो हसला. सिनेटर मात्र गंभीर झाले. "ऐकलंत? रेल्वेवाल्यांनी या माणसाला दम दिलाय. भांडं म्हणे! आता तर मी बंदीलाच मत देणार."

"थांबा!" मोरेश्वरांचा आवाज चिरकला. "वाजवून दाखवतो."

"दहाला बातम्या आहेत," रँडी म्हणाला. "साहेब त्यानंतर सभागृहात जातील. बारा मिनिटं आहेत तुझ्याकडे."

"अगं, कुकर लाव!"

शैलजाबाई साबुदाणा मोकळा करत होत्या. "आज एकादशी आहे. डाळ-तांदूळ शिजायचे नाहीत माझ्या घरात."

"बटाटे लाव!"

"संपले. रताळी आहेत."

"मग रताळी लाव! लवकर!"

"एवढं काय पेटलंय?"

"राज्य पेटलंय!"

विजेच्या शेगडीला मात्र राज्याची घाई नव्हती. तिची तबकडी लाल व्हायलाच चार मिनिटं गेली. मग झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसू लागली. शैलजाबाईंनी कुकर उतरवला, रिंग ओली करून उलटी बसवली, पुन्हा चढवला. मोरेश्वर फोन कुकरपुढे धरून उभे. नऊ-त्रेपन्न. नऊ-पंचावन्न. कुकर मुका.

"माइक, काही येतंय का?" जाहिराती संपवून रँडीने विचारलं.

"वाफ येतेय."

"मला निघायला हवं," सिनेटर म्हणाले. "पण एक सांगा. शिट्टी राहिली काय, गेली काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

मोरेश्वरांनी शैलजाबाईंच्या पाठीकडे पाहिलं.

"एक मुलगी आहे," ते म्हणाले. "चौदा वर्षांची. जांभळं जॅकेट. कानात गाणी लावून फाटकातून येत होती. मी समोर उभा होतो, पण माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. गाडीच्या फुटला. तो ऐकून ती एक पाऊल मागे सरली, साहेब. एकच पाऊल."

शैलजाबाईंच्या हातातला झारा थांबला. त्या वळल्या नाहीत.

आणि कुकरने शिट्टी दिली. अशी दिली की खिडकीची काच थरथरली आणि शेजाऱ्याचा कुत्रा पलंगाखाली गेला.

"नऊ-चाळीस," रँडी हळूच म्हणाला. "अठरा मिनिटं लेट."

सिनेटरांनी फोन ठेवला.

दुपारच्या बातम्यांत कळलं की बंदी एका मताने पडली. रँडीने जाहीर केलं की भांड्यांना यापुढे आपल्या कार्यक्रमात प्रवेश नाही, माइकला तर मुळीच नाही.

शैलजाबाईंनी रताळ्यांची बशी नवऱ्यापुढे आदळली. "जॅकेट मी घेतलं होतं तिला. मला का नाही सांगितलंत?"

"तिला प्रॉमिस केलं होतं."

"आणि मग राज्याला सांगितलंत! मी काय राज्याबाहेर राहते?"

मोरेश्वर खाली मान घालून रताळं खात राहिले.

तीन वाजता शैलजाबाईंनी कोट चढवला आणि त्यांना न विचारता गाडीत जाऊन बसल्या. फाटकापाशी दोघं थंडीत उभी राहिली. पलीकडून जांभळं जॅकेट येताना दिसलं. दांडा खाली आला, आणि अनयाने दोन्ही कानांतले इअरफोन काढून खिशात टाकले.

मालगाडी शिट्टी देत आली. एक. दोन. तिसरीला शैलजाबाईंचा उजवा हात शेगडी बंद करायला आपोआप वर गेला.

गाडीने चौथी दिली.

"ही कशाला?" त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"असू दे," मोरेश्वर म्हणाले. "कच्चं राहायला नको."