कांद्याच्या दोन ओळी

"काका, तुमच्या ओळीचा निकाल लागला की हो!" शेजारचा वाफा कसणारा बसचालक ओरडला.

काका निवृत्त जुळारी होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि ओळ बिघडणे त्यांना खपत नसे. गुडघे टेकून ते कांदे उपटत होते आणि हाती काळपट लगदा येत होता. बायकोच्या ओळीत मात्र लालसर छोट्या कांद्यांचे घोसच्या घोस निघाले होते.

एकटा लावावा आणि घोस उपटावा, अशी ही जात. तो लावावा कसा, यावर नवराबायकोचे कधीच एकमत झाले नव्हते. काकांच्या मते कांदा पूर्णपणे मातीखाली हवा. उघडे राहिलेले काम हे अर्धवट काम. काकूंच्या मते शेंडा बाहेर हवा, नाहीतर तो कुजतो. म्हणून सामायिक बागेतल्या त्यांच्या भाड्याच्या वाफ्यात दोन ओळी असत आणि दरवर्षी दोन्ही सारख्याच पिकत. यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे काकू घरीच होत्या. त्यांची ओळही काकांनीच लावली होती. त्यांच्या हुकुमाप्रमाणे, पण नाक मुरडत.

"काकू नव्हत्या, मग कुजणारच," बसचालक म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्ही झारी घेऊन नळावर गेलात, की त्या तुमच्या ओळीवरची माती बोटानं बाजूला करायच्या. मला म्हणायच्या, तोंड उघडलंस तर बघ."

आपल्या ओळीत शेंडे दिसत, तेव्हा काका त्याचा अर्थ 'पाण्याने माती बसली' असा लावत आले होते. त्यांनी हातातला लगदा खाली टाकला.

"आणखी कोणाला माहीत आहे हे?"

"इथून नळापर्यंतच्या सगळ्या वाफेवाल्यांना."

घरी काकू पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. "काय हो, कोणाची ओळ जिंकली?"

"तुझी. माझी सगळी कुजली."

जन्मभराच्या वादाचा निकाल असा आयता पदरात पडला, तरी काकूंनी तो उचलला नाही. "हवाच दमट होती हो यंदा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी काकांनी आणलेला एक घोस उचलून न्याहाळला. "पण माझ्यावाचून छान आलेत. आता माझं काय काम तिथं? तुम्हीच लावत जा. मी आपली घरी बरी."

काकांनी तो घोस त्यांच्या हातून काढून घेतला.

"ते चालायचं नाही," ते म्हणाले. "एका वर्षाच्या दमट हवेनं वाद मिटत नसतो. पुढच्या लावणीला तू समक्ष हवीस."

"हट्टी तो हट्टीच!" काकू म्हणाल्या; पण आवाजात जान आली होती.

लावणीच्या दिवशी काकू काठी टेकत आल्या. काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, ती नेमकी स्वतःच्या ओळीच्या कडेला. मग त्या ओळीतला प्रत्येक कांदा त्यांनी मातीत गुडूप केला आणि वरून हलकेच थापटले.

"पुरलेत ना पुन्हा?"

"पुरले. माझं मत बदललेलं नाही."

झारी घेऊन ते नळावर गेले आणि वाफ्याकडे पाठ करून उभे राहिले. मागे खुर्ची करकरली.

"काका, भरली की झारी! वाहतेय!" बसचालकाने हाक मारली.

"तळाशी गाळ दिसतो आहे," असे म्हणून काकांनी ते स्वच्छ पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि झारी पुन्हा नळाखाली धरली.