मंद आचेवरचा दिवस

पौषातली पहाट. पाचगणीच्या पठाराखाली कृष्णेचे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले. शुभ्र, निःशब्द, निश्चल. सिल्व्हर ओकच्या पानापानावर दवाचे रुपेरी नक्षीकाम, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर गारठ्याची झिरझिरीत ओढणी, आणि पूर्वेला, डोंगरांच्या निळ्या-जांभळ्या रांगांमागे, सूर्याची पहिली केशरी चाहूल.

अशा त्या हिमशीतल पहाटे विश्राम भिलारे स्वयंपाकघरात उभे होते आणि त्यांच्या हातात एक बटाटा होता.

उभा जन्म त्यांनी पसरणीच्या घाटात एस.टी. चालवली. कड्याकपारीतून वळत जाणारी, धुक्यात हरवणारी, उन्हात झळाळणारी ती वाट त्यांना डोळे मिटूनही दिसे. पण शेगडीचा प्रदेश त्यांना अपरिचित. आधी आईने रांधले, मग पहिल्या पत्नीने. ती गेल्यावर खानावळीच्या डब्याने. आणि आता, साठी ओलांडल्यावर, मार्गशीर्षातल्या एका सोनेरी सकाळी या घराचा उंबरठा ओलांडून मंदाकिनीबाई आल्या होत्या.

मंदाकिनीबाई साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. धाकट्या भावंडांना मार्गी लावता लावता त्यांचे स्वतःचे लग्न राहूनच गेले. विश्रामरावांची लेक शर्वाणी, तिनेच हे जुळवून आणले. दोघे हार घालत असताना ती हसली, मग रडली, आणि दोघांना दोघांच्या स्वाधीन करून पुण्याला परतली.

मागे उरली दोन माणसे, आणि एक अतिशय सभ्य शांतता.

त्या शांततेत मंदाकिनीबाईंचा एकच शब्द पुन्हा पुन्हा उमटे. चहा करू? चालेल. खिडकी लावून घेऊ? चालेल. डब्यात आज पिठलं सांगू? चालेल. जुईच्या फुलासारखा हलका, जुईच्या फुलासारखा पांढरा तो शब्द. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता; आणि हक्कही नव्हता. पाहुणे असे बोलतात, विश्रामरावांना वाटे. परक्या घरातली उशी जशी असेल तशी गोड मानून घेणारे पाहुणे. आणि पाहुणे एक दिवस निघून जातात.

आदल्या दिवशी वाईच्या दंतवैद्यांनी मंदाकिनीबाईंची दुखरी दाढ काढली होती. चार दिवस मऊ खा, कोमट खा, तिखटाला शिवू नका, अशी ताकीद. गाल पिकल्या पेरूसारखा फुगलेला. कपभर दूध देऊ का, असे विश्रामरावांनी विचारले, आणि त्या सुजलेल्या गालाआडूनही तोच शब्द आला. दूध पिऊन त्या निजल्या. हे मात्र कूस बदलत राहिले.

म्हणून हा बटाटा. म्हणून हा पहाटेचा खटाटोप.

शर्वाणीने लग्नात दिलेला स्लो कुकर अजून खोक्यातच होता. विजेवर चालणारे, मातीच्या रंगाचे, गरगरीत पोटाचे ते भांडे त्यांनी बाहेर काढले आणि लेकीला फोन लावला. तिने बटाट्याच्या सूपची सारी कृती सांगितली: बटाटे, कांदा, लसूण, एखादे गाजर, बुडेल इतके पाणी. आच अगदी मंद. दूध आणि लोणी शेवटी. आणि मग बजावले, "बाबा, सारखं झाकण उघडायचं नाही. संध्याकाळपर्यंत विसरून जायचं."

साले निघू लागली. कधी जाड, कधी पातळ, कधी चुकार. तपकिरी सालीआडून मोतिया, गुळगुळीत, ओलसर गर उजळला. कांद्याने डोळ्यांत पाणी आणले, लसणाने बोटांना गंध दिला, गाजराने त्या पांढऱ्या पसाऱ्यात भगवी ठिणगी टाकली. झाकण बसले. बटण दाबले. एक इवलासा लाल दिवा लागला.

विश्रामराव शिट्टीची वाट पाहत बसले.

शिट्टी झाली नाही. खदखद नाही, फुसफुस नाही. धुके विरले, ऊन अंगणात उतरले, फरशीवर पसरले, भिंतीवर चढले. भांडे आपले मौनात. त्यांनी कान लावून पाहिले, तळवा टेकवून पाहिला. मग, हळूच, एक मऊ, मंद, मायाळू गंध खोल्याखोल्यांतून हिंडू लागला. आतल्या खोलीत पुस्तक वाचणाऱ्या मंदाकिनीबाईंनी मान वर केली.

आणि भर दुपारी वीज गेली.

लाल दिवा मालवला. विश्रामराव त्या भांड्यासमोर असे बसले, जणू घाटाच्या मध्यावर गाडी बंद पडली आणि सारे प्रवासी त्यांच्याकडेच पाहताहेत. झाकणाला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"उघडू नका. घोंगडी आणा."

ते वळले. मंदाकिनीबाई दारात उभ्या होत्या. एक हात गालावर, पदर खोचलेला. विश्रामरावांनी धावत घोंगडी आणली. बाईंनी भिंतीतली पिन काढून ते गरम भांडे घडीघडीत गुंडाळले, तान्ह्या बाळाला गुंडाळावे तसे, आणि त्याच्या शेजारीच पाटावर बसल्या.

मग, अर्ध्या तोंडाने, थांबत थांबत, त्या बोलू लागल्या. वडील उशिरा यायचे, तेव्हा आई भाताचे पातेले असेच गोधडीत निजवायची, हे सांगितले. विश्रामरावांनीही सांगितले, की एकदा घाटात इंद्रधनुष्य पडले म्हणून त्यांनी भरली गाडी वळणावर उभी केली होती, आणि साहेबांची बोलणी खाल्ली होती. बाई हसल्या. गाल दुखला; तरी हसल्या. काळ्या घोंगडीवर दोघांचे तळवे टेकलेले होते, आणि आतली ऊब लोकरीतून झिरपत, झिरपत, तळव्यांत येत होती.

उन्हे कलताना वीज आली, घोंगडी सोडून पिन पुन्हा लावली. दिवेलागणीला झाकण उघडले, आणि शुभ्र वाफेचे एक फूल छतापर्यंत उमलले. बटाटे पळीच्या नुसत्या स्पर्शाने विरघळले. दूध पडले, मिठाची चिमूट पडली, लोण्याचा गोळा हळदी रंगाच्या वर्तुळात वितळत गेला. सायीच्या रंगाचे, रेशमासारखे दाट सूप वाडग्यात उतरले.

कोमट होऊ दिले. मग मंदाकिनीबाईंनी चमचा ओठांना लावला. विश्रामरावांनी विचारले, "कसं झालंय?" आणि त्या नेहमीच्या, फिक्या, पांढऱ्या शब्दासाठी मन घट्ट केले.

बाईंनी डोळे मिटले. उघडले.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "आणि सालं राहिलीत. उद्या मी शेजारी उभी राहीन. परत करू."

विश्रामरावांच्या मुद्रेवर असा काही प्रकाश पसरला, की बाई क्षणभर गोंधळल्या. एवढे आनंदण्यासारखे आपण काय बोललो? त्यांना काही उमगेना. ते मात्र उठले, मिठाची बरणी घेऊन आले, आणि ती बाईंच्या हाती दिली.

बाईंनी मीठ घातले; आधी त्यांच्या वाडग्यात, मग आपल्या. उबदार वाडगा उचलून सुजल्या गालाला लावला आणि तशाच, सुखाने, टेकून बसल्या. खिडकीबाहेर सांज आपला अबोली पदर डोंगरामागून डोंगरामागे आवरीत गेली. एक रांग विझली, दुसरी विझली, तिसरी विझली. आणि घरात दोन चमचे वाजत राहिले, किणकिण, किणकिण, संथ.