पाळण्याच्या बरणीतले स्क्रू

चार वाजता आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं आणि न्हाणीघरातली आधाराची दांडी अजून लागली नव्हती. खुबा जेमतेम जुळलाय, पुन्हा पडल्या तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीने मान डोलावली होती. बाबा गेले त्याला महिना झाला, आई घसरली त्याला पंधरवडा. तेव्हापासून ती सगळ्यालाच मान डोलावत होती.

बाबांच्या कपाटात स्क्रूंच्या बरण्या होत्या. दुसरी माणसं बरणीवर माप लिहितात. बाबा लिहीत, ते स्क्रू कशातून निघाले ते. 'जुनं टेबल'. 'रेडिओची फळी'. कुणी हसलं की म्हणत, "माप बघायला डोळे आहेत. कुठून आला ते कोण सांगणार?"

तिने 'पाळणा' लिहिलेली बरणी उचलली. त्या पाळण्यात ती स्वतः वाढली होती आणि पाळणा काही पडला नव्हता. एवढाच विचार केला. भिंतीला चार भोकं पाडली, स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या त्यांत ठोकल्या, स्क्रू पिळले. दांडी छान बसलेली दिसत होती. तिने दोन्ही हातांनी धरून अंग मागे टाकलं.

दांडी हातातच आली. पायांवर लाल भुगा पडला. आपटलेलं कोपर दुखत असणार, पण ते दुखणं दुसऱ्या कुणाचं असावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

हार्डवेअरच्या दुकानातल्या काकांनी तिचा स्क्रू हातात घेऊन फिरवला.

"कुठला हा?"

"पाळण्याचा."

"आता किती वजनाचं बाळ आहे?"

"साठ किलोचं. खुबा मोडलेलं."

काकांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही.

"बघा, हा लाकडाचा स्क्रू. टोकदार, आटे लांब लांब. लाकडाला चावतो नि धरून बसतो. स्क्रू चांगलाच आहे, जागा चुकली. भोक पाडताना ड्रिल मध्येच एकदम आत गेलं का?"

"गेलं."

"म्हणजे वीट पोकळ. पोकळीत कितीही लांब स्क्रू घाला, धरायला काही नसतं. भिंतीपलीकडे काय आहे?"

"झोपायची खोली."

"मग आरपार जा. बोल्ट इकडून तिकडे, पलीकडे रुंद वॉशर, वर नट. मग वजन सगळी भिंत उचलते. पाण्याची जागा आहे, स्टेनलेसचेच घ्या. आणि ड्रिलचं हे लांब बिट घेऊन जा, उद्या आणून द्या." त्यांनी चाराऐवजी पाच बोल्ट पुडीत टाकले. "एक हरवतोच."

तिने मान डोलावली.

घरी येऊन तिने भिंत आरपार ड्रिल केली. पलीकडे भोकं निघाली ती नेमकी पलंगाच्या उशाशी, बाबा झोपत त्या बाजूला. तिने उशी उचलली, सिमेंटची पूड झटकली, परत ठेवली. वॉशर घातले, पान्ह्याने नट आवळले. मग न्हाणीघरात जाऊन दांडीला लटकली, पाय जमिनीवरून उचलून. दांडी हलली नाही. ती तशीच लोंबकळत राहिली, बराच वेळ. खाली उतरायचं काही कारण तिला सुचेना.

संध्याकाळी आई वॉकर टेकत न्हाणीघराच्या दाराशी आली.

"तू बाहेर थांब. मी काय लहान आहे?"

लेक खोलीत गेली आणि उशाच्या भिंतीवर, चार नटांवर, दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली. पलीकडे वॉकर खडखडला. स्टीलमधून बारीकशी थरथर आली आणि थांबली. नट जागचे हलले नाहीत.

"धरलंय गं!" पलीकडून आई ओरडली.

"कळलं."

आई बाहेर आली, पलंगावर टेकली आणि तिला नट दिसले.

"हे काय उशाशी? ह्यांनी असं उघडं ठेवलं नसतं हो."

"झाकेन उद्या."

"त्यांच्याच बरणीतले ना?"

"नाही, विकत आणले. एक उरलाय."

"कुठे ठेवलास?"

"रिकाम्या बरणीत."

"वर काय लिहिलंस?"

"काहीच नाही. तो अजून कशातून निघालेलाच नाही."

आई भिंतीकडे बघत राहिली. लेकीने वॉकर हाताशी लागेल असा सरकवून ठेवला.