गाळलेलं कलम

राजकारणात यायच्या आधी आमदारबाई एकोणीस वर्षं परिचारिका होत्या. ती सगळी वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या पार टोकाच्या तीन खोल्यांच्या प्रसूतिगृहात काढली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही गाडी सुरू झाली तर. तिथे त्यांच्या डोळ्यांदेखत दोन बाळंतिणी गेल्या होत्या. निवडणुकीला का उभ्या राहिलात असं लोक विचारायचे, तेव्हा त्या रस्त्यांचं आणि पाण्याचं बोलायच्या. त्या दोघींचं कुणाजवळ बोलल्या नाहीत.

म्हणूनच यंदा राजधानीत त्यांचं विधेयक मंजूर झालं, तेव्हा त्यांना त्या दोघी आठवल्या. जिथे चोवीस तास डॉक्टर नाही आणि रक्ताची सोय नाही, तिथे बाळंतपण करायचं नाही, असा साधा सरळ कायदा. तीन वर्षं त्या विधिमंडळाच्या समितीच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. बाकं वाजली, विरोधकांनीसुद्धा पाठ थोपटली. फक्त एक कलम गाळावं लागलं होतं. प्रसूतीची खोली बंद करण्याआधी तिथल्या बायकांची दुसरी सोय करावी, असं त्यात म्हटलं होतं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, सगळं घोडं या कलमापाशी अडलंय, ते नंतर आणू. आमदारबाईंनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

कायदा लगेच लागू झाला. लांबलेलं अधिवेशन संपवून दोन महिन्यांनी त्या जिल्ह्यात परतल्या आणि सत्काराला जायच्या आधी जुन्या प्रसूतिगृहात गेल्या. दारावर कागद चिकटवला होता. त्यावर त्यांच्या कायद्याचा क्रमांक आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रसूती बंद’. आत मोठ्याबाई बसल्या होत्या. तिथल्या सगळ्यांत जुन्या परिचारिका त्या. आमदारबाईंना नाळ बांधायला त्यांनीच शिकवलेलं. बाळंतपणाच्या टेबलावर आता लसींचे डबे रचलेले होते.

मोठ्याबाई रागावल्या नाहीत, आणि तेच आमदारबाईंना जड गेलं. त्यांनी चहा केला आणि शांतपणे सगळं सांगितलं. मागच्या महिन्यात लाकडाच्या वखारीतल्या कामगाराची बायको कळा देत आली होती. नियम म्हणजे नियम, म्हणून तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्याकडे पाठवलं. दोन तासांचा रस्ता. ती पुलाजवळ गाडीतच बाळंत झाली. चालकाने आपला कोट खिडकीला लावला आणि तोंड फिरवून उभा राहिला. बाई वाचली. बाळ गारठलं होतं, चार दिवस काचेच्या पेटीत होतं.

“तुझा कायदा चुकला असं मी म्हणत नाही,” मोठ्याबाई म्हणाल्या. “इथे काय काय झालं ते मीही पाहिलंय. पण पोरी, इथलं दार लावल्यावर बाईनं जायचं कुठे? मी तो कागद तीनदा वाचला. त्यात कुठेच नाही.”

“होतं,” आमदारबाई म्हणाल्या. “मीच गाळू दिलं.”

मोठ्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि रिकामे कप उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी आमदारबाई वखारीमागच्या घरी गेल्या. त्यांनी सवयीच्या हाताने बाळ उचललं, तेव्हा त्या बाळंतिणीला वाटलं, वजन करायला सिस्टर आल्यात. आपण कोण आहोत हे आमदारबाईंनी सांगितलं. गाळलेल्या कलमाचंही सांगितलं, काही न झाकता. 

“म्हणजे असं होईल हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो. होऊ शकेल, हे माहीत होतं.”

तिने हात पुढे करून बाळ परत घेतलं. त्याच्या टोपीचा बंद बांधला.

“माझी धाकटी जाऊ सातव्यात आहे,” ती म्हणाली. “तिचं काय करणार, तेवढं सांगा.”

परतताना आमदारबाई बोटांवर महिने मोजत होत्या. दुरुस्ती आणायची तर पुढचं अधिवेशन हवं, त्याला चार महिने. जाऊबाईंना तितका दम धरता येणार नव्हता. जिल्ह्याच्या दवाखान्यासमोर, रस्ता ओलांडला की, आमदारबाईंचं स्वतःचं कार्यालय होतं. तळमजल्यावर तीन खोल्या, मागे न्हाणीघर. दिवस भरत आलेल्या बायकांनी तिथेच येऊन राहावं, असं त्यांनी गाडीतच ठरवून टाकलं.

पक्षाचे जिल्हाप्रमुख कुरकुरले. आमदाराला भेटायला माणसं येतात, ती काय गरोदर बायकांच्या गर्दीत बसणार? व्हरांड्यात बसतील, आमदारबाई म्हणाल्या, मीही तिथेच बसेन. त्यांच्या यजमानांची पेपर वाचायची खुर्चीही बाहेर आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला कायद्याने बाहेर काढायची वेळ आत्ता आली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. मोठ्याबाई आत मांडलेल्या चार खाटा बघायला म्हणून आल्या, खाटा फार उंच आहेत म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं, आणि मग आठवड्यातले तीन दिवस तिथेच राहू लागल्या.

वखारीतली जाऊबाई नववा लागताच आली. सोबत थोरली जाऊ, कडेवर बाळ. सतरा दिवस राहिली. कळा सुरू झाल्यावर स्वतःच्या पायांनी रस्ता ओलांडून गेली. मुलगी झाली. आमदारबाईंचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या अधिवेशनात त्यांनी दुरुस्ती मांडली. समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्या चार खाटांचं तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाले, सोय तर झालीच आहे, मग आता घाई कसली? आपल्याच कामाने आपलीच वाट अडेल, हे आमदारबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.  मग त्यांनी पिशवीतून यादी काढली. बंद झालेल्या एकशे बारा खोल्या, प्रत्येकीचं गाव आणि तिथून डॉक्टरपर्यंतचं अंतर. त्यांनी ती वाचायला सुरुवात केली. सभापतींनी दोनदा वेळ संपल्याचं सांगितलं. त्या वाचतच राहिल्या. बोलत बसलेले सदस्य हळूहळू आपापल्या भागातली गावं ऐकू लागले. एकाने उठून, आमचं एक राहिलंय, असं म्हणून नाव सांगितलं. आमदारबाईंनी ते यादीखाली लिहून घेतलं.

त्या दिवशी मतदान झालं नाही. समितीला सहा आठवड्यांची मुदत दिली गेली, आणि तारीख कागदावर आली. यश म्हणावं तर तेवढंच.

त्या जिल्ह्यात परतल्या, तेव्हा चार खाटांना सहा बायका झाल्या होत्या. व्हरांड्यात भेटायला आलेली माणसं ताटकळत होती. मोठ्याबाईंनी आमदारबाईंना हात धुवायला सांगितलं आणि पाचव्या खाटेचं दुसरं टोक उचलायला बोलावलं.