बंद म्हणून लिहिलेली लेथ

मी लेथ मशीन बोलतेय. लोखंड कातायचं, नट-बोल्टला आटे पाडायचे, यासाठी माझा जन्म. कारखान्यातून ट्रकनं निघाले ती थेट अंबड तालुक्यातल्या या आयटीआयच्या कार्यशाळेत उतरले. सुरुवातीची वर्षं पोरांनी मला दम घेऊ दिला नाही. तेलानं माखलेले ते हात मला आवडायचे.

मग एका उन्हाळ्यात माझ्या पोटातला गिअर तुटला. दुरुस्तीसाठी अर्ज गेला, उत्तर आलंच नाही. माझ्यावर प्लॅस्टिक पडलं. पोरं फळ्यावरून माझी आकृती वहीत उतरवायची आणि पास व्हायची. माणसं बंद वस्तूलाही किती लवकर सरावतात!

यंदा सरकारी प्रतवारीसाठी संस्थेनं स्वतःच स्वतःला गुण द्यायचे होते. प्राचार्य तातेराव सर माझ्यापाशी आले. "नाजिया मॅडम, हिला रंग मारून घ्या अन् चालू दाखवा. गुण घसरले तर पोरं दुसरीकडं जातील. मंग तुकडीच बंद होईल."

माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

टर्नरचा, म्हणजे लेथवरच्या कामाचा, वर्ग शिकवणाऱ्या नाजिया मॅडम तिथं जमलेल्या पोरांकडं वळल्या. त्यांनी सरांसमोरच विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला काय येत न्हाई?"

वडीगोद्रीची आकांक्षा उठली. "मला आटे पाडता येत न्हाईत, मॅडम. एमआयडीसीत मुलाखतीला गेल्ते. मशीनपुढं उभं केलं, तर हातच उचलला न्हाई. वर्गात पहिली आलेय, हे सांगायची लाज वाटली."

सरांनी माझ्यावरचं प्लॅस्टिक बाजूला केलं. "बंद लिवा, मॅडम," ते म्हणाले. "बिलकुल खरं लिवा."

गुण घसरलेच. वरून खरमरीत विचारणाही झाली. सरांनी तोच धागा पकडून दुरुस्तीची मंजुरी पदरात पाडून घेतली. तुटलेला गिअर फडक्यात गुंडाळून स्वतःच्या मोटारसायकलवर एमआयडीसीत नेला, तसाच नवा करून आणला. तो पोरांनीच बसवला, मॅडम शेजारी उभ्या होत्या.

आकांक्षानं पाडलेले पहिले आटे बिघडले. नट चढेना. ती हिरमुसली.

"करून राह्यलीस ना? मंग येईल," सर म्हणाले.

पुढं एका बोल्टवर नट सरसर फिरत गेला, तेव्हा ती मोठ्यानं हसली.

आता माझ्यापुढं रांग असते. एवढ्या पोरांना मी एकटी पुरत नाही, हेही सरांनी वर कळवून टाकलंय. माझं मागणं एवढंच आहे. पुन्हा कधी बंद पडले, तर मला झाकू नका. उघडी ठेवा, दुरुस्त करा, आणि पोरांना माझ्यावर चुकू द्या.