मनोऱ्याची पांढरी भिंत

गावातल्या मनोऱ्याच्या घड्याळाला दर आठवड्याला चावी द्यायचं काम गेली एकतीस वर्षं घड्याळजीकडे होतं, आणि त्याआधी त्याच्या सासऱ्याकडे. एवढ्या वर्षांत त्या मनोऱ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग नगरपालिकेला एकाएकी साक्षात्कार झाला की आपल्या गावात वारसा आहे, आणि शहरातून एक सल्लागार आला. गळ्यात रेशमी रुमाल, तोंडात सदा ‘अनुभव’ हा शब्द. गावाने दोन दिवसांत त्याचं नाव वारसासाहेब ठेवलं.

तो आल्यापासून घड्याळजीच्या कपाळावरची आठी हटली नव्हती. जुन्या कचेरीचं दार पुरेसं जुनं दिसत नाही म्हणून वारसासाहेबाने त्यावर सुताराकडून ओरखडे पाडून घेतले. ज्या हौदावर पिढ्यान्‌पिढ्या ओझ्याची गाढवं पाणी प्यायली, त्याच्यावर ‘राणीचा हौद’ अशी पाटी लावली. कोणती राणी, हे विचारायची सोय नव्हती. शहरातून मंडळी मोटारी भरभरून यायची, हौदात नाणी टाकायची आणि डोळे मिटून उभी राहायची. घड्याळजी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या दारातून हे बघायचा आणि भिंगामागचा डोळासुद्धा फिरवून घ्यायचा.

एकदा आठवड्याची चावी द्यायला तो अडुसष्ट पायऱ्या चढून वर गेला, तर यंत्राच्या खोलीची भिंत पांढरीफेक. कालपरवाचा चुना, अजून हाताला लागत होता. मधोमध चकचकीत माहितीफलक ठोकलेला, त्यावर मनोऱ्याचा इतिहास आठ ओळींत, आणि त्यातलं बांधकामाचं सालही चुकलेलं.

त्या भिंतीवर पाच घड्याळजींनी शंभराहून अधिक वर्षं पेन्सिलीने नोंदी केल्या होत्या. तेल कधी दिलं, दोर कधी बदलला, वादळात काटे कसे वाकले, थंडीत बोटं कशी गोठली. सगळं एकाच्या अक्षराखाली दुसऱ्याचं अक्षर, गर्दी करून लिहिलेलं. घड्याळजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच कचेरीत गेला. वारसासाहेब शांतपणे म्हणाला की भिंतीवर नुसती गिचमिड होती, पर्यटकांना स्वच्छ इतिहास लागतो.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती त्याच मनोऱ्यातल्या जुन्या घड्याळजीची मुलगी. गुडघ्यांमुळे बारा वर्षांत ती वर चढली नव्हती. ऐकून घेतलं, भाजी चिरून संपवली आणि मग एवढंच विचारलं की बाबांची ओळ खिडकीच्या डाव्या हाताला होती ना.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. दर दहा पायऱ्यांना बसत, नवऱ्याच्या हातात बादली देऊन. वर वारसासाहेब पंधरा पाहुण्यांना ‘काळाचा स्पर्श’ समजावत होता. तिने कुणाकडे बघितलं नाही. फडकं पिळलं आणि खिडकीच्या डावीकडे भिंत पुसायला लागली.

“बाई, हात लावू नका,” वारसासाहेब म्हणाला. “हा वारसा आहे.”

“हा चुना आहे,” ती म्हणाली. “गेल्या मंगळवारचा.”

पाहुण्यांतली एक बाई शेजारणीला हळूच विचारत होती, हे कार्यक्रमातच आहे का. बाकीच्यांनी मोबाइल वर धरले. फलकापुढे जांभया देणारी माणसं आता एकमेकांना कोपर मारून पुढे सरकत होती. घड्याळजीला त्या सगळ्यांना बादलीतल्या पाण्यासकट खाली लोटावंसं वाटलं, पण पाणी तिला हवं होतं.

चुन्याखालून आधी कुणाचा तरी तेलाचा हिशेब निघाला, मग एक वादळ. मग बापाचं अक्षर. ‘घड्याळ दोन मिनिटं मागे. माझी चूक. आज मुलगी’ एवढंच आलं. पुढचा शब्द चुन्याबरोबर फडक्यात गेला होता. तिने फडकं उलगडून पाहिलं. त्यात राखाडी पाणी होतं.

वारसासाहेब मुरलेला माणूस. क्षणभर गडबडला आणि लगेच वळून पाहुण्यांना म्हणाला, “बघितलंत? लपलेला इतिहास. आम्ही तो मुद्दाम जपून ठेवला होता.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

घड्याळजीचं तोंड उघडलं होतं, पण बायकोने त्याची बाही ओढली. “यांच्याशी कुठे तोंड वाजवता,” ती म्हणाली. “उरलेली भिंत पुसायचीय. उद्या दोन फडकी आणू, मऊ.” मग तिने पाहुण्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण यंत्राला चावी द्यायची राहिली होती आणि दांडा फिरवायला जागा लागायची. ती मंडळी भिंतीला चिकटून उभी राहिली, पाठी पांढऱ्या करून घेत.