कोबिनाची जीभ

घानातल्या ताकोराडी बंदरातल्या गॅसच्या टाकीच्या नऊ पायांना लेप द्यायचं काम कोबिना एसिल्फीच्या टोळीकडे होतं आणि तो लेप तपासायचं काम अराबा अमिसाकडे. पहिल्या दिवसापासून दोघांचं वाकडं. तिला बघितलं की कोबिनाच्या कपाळाला आठी पडायची, आणि तीही कमी नव्हती.

लेप साधा नव्हता. तो लोखंडाला गंजू देत नाही, आणि आग लागली तर भाकरीसारखा फुगून आतला पाय तापू देत नाही. पण खाली मीठ राहिलं की गंज आतून पोखरतो, लेप सुटून पडतो आणि आग येते तेव्हा पाय उघडाच असतो. म्हणून बंदरातली जुनी माणसं धुतलेल्या लोखंडाला जीभ लावून बघतात. कोबिनाची जीभ तीस वर्षांत चुकली नव्हती आणि तिच्याच जोरावर तो फोरमन झाला होता.

जानेवारीत त्याला ताप आला. ताप गेला तो चव घेऊन गेला. मक्याचं केंके खा नाहीतर झणझणीत शितोची चटणी खा, सगळी ओली माती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. कळलं तर फोरमनकी जाईल, या भीतीने तो रोज लोखंड चाटायचा आणि ठणकावून सांगायचा, "स्वच्छ आहे."

सहा पायांना लेप देऊन झाला होता. त्या सकाळी अराबाने पहिल्यांदाच लेपाआधी, सातव्या पायाला, कागदाची पट्टी चिकटवली, काढून यंत्रात घातली आणि म्हणाली, "मीठ आहे. टँकरवाल्याने धुवायचं पाणी खाडीच्या तोंडाशी भरलंय. पुन्हा धुवा."

"पोरी, तुझं यंत्र कालचं आहे," कोबिना म्हणाला. "माझी जीभ तुझ्या आईच्या लग्नाआधीची आहे."

माणसं खो खो हसली. त्याने तिच्यासमोरच मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, कोबिना सांगेल तसं करा. अराबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती तरातरा निघून गेली आणि थोड्या वेळाने दोन ओल्या पत्र्याच्या पट्ट्या घेऊन आली.

"एवढी शहाणी जीभ आहे ना फोरमन? मग सांगा, यातली खारी कुठली?"

नऊ माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. कोबिनाने पट्ट्या हातात घेतल्या. नाही म्हणावं तर संपलं, हो म्हणावं तरी संपलं. त्याने एक चाटली, दुसरी चाटली. माती आणि माती.

"डावी," तो म्हणाला.

अराबाने दोन्ही पट्ट्या इबोच्या हातात दिल्या. इबो टोळीतला दुसऱ्या नंबरचा माणूस, कोबिनाला सगळ्यांसारखा वोफा म्हणजे मामा म्हणणारा. कोबिनाची जागा कधी मिळते याची वाट बघणारा, आणि कोबिनाने दहा वर्षं शिव्या घालून राबवलेला. त्याने एक पट्टी चाटली आणि थुंकला. दुसरी चाटली, पुन्हा थुंकला. मग कोबिनाकडे बघून खाली मान घातली.

"वोफा बरोबर सांगतात," तो म्हणाला. "डावीच."

"दोन्ही समुद्रात बुडवल्यात," अराबा म्हणाली.

कोणी हसलं नाही. कोबिनाला अराबापेक्षा इबोचाच जास्त राग आला.

"माझी कीव करायला तुला कोणी सांगितलं होतं रे, कुत्र्या?" तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "जानेवारीपासून चव नाही मला. मीठ कळत नाही, मिरची कळत नाही, काहीच कळत नाही."

"जानेवारीपासून?" अराबा म्हणाली. "म्हणजे तेव्हापासून लेप दिलेले हे सहाही पाय तुम्ही नुसतेच चाटलेत? आणि मला आईवरून बोलत होतात?"

कोबिना बाजूच्या रिकाम्या डब्यावर जाऊन बसला.

"सहाही खरवडा," इबो माणसांना म्हणाला. "आणि टँकर परत पाठवा, गावातल्या नळाचं पाणी आणायला सांगा."

एरवी असा हुकूम आला की माणसं आधी कोबिनाच्या तोंडाकडे बघायची. त्या दिवशी कोणी बघितलं नाही. सगळे वळले आणि कामाला लागले.